आधी चिखल, मग एमपीएच

एमबीबीएसला असताना पीएसएमच्या, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाच्या, लेक्चरला मी शेवटच्या बाकावर बसायचो, आणि बसायचो म्हणजे झोपायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते काही आयुष्यभर पब्लिक हेल्थचा झेंडा घेऊन फिरलेल्या माणसाचं म्हणणं नाहीये. आता त्या विषयाला कम्युनिटी मेडिसिन म्हणतात, नाव बदललं पण वर्गातली झोप तीच आहे असं पोरं सांगतात. अॅनॉफिलीस डासाची अळी पाण्याला समांतर आणि क्युलेक्सची तिरकी, विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, किती टाकायची त्याचं गणित, सेप्टिक टँकचं ते धूळ खाल्लेलं मॉडेल, परीक्षेपुरतं पाठ करायचं, व्हायव्हाला ओकायचं आणि मोकळं व्हायचं.

तर हल्ली आमच्याकडे पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांमध्ये एक नवीन विषय चाललेला असतो, एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, करायचं का. आणि त्याच्या पुढचा प्रश्न, अमेरिकेत जसं मेडिकलबरोबरच एमपीएच होतं तसं इथेही एमबीबीएसला जोडूनच का नाही, दोन्ही एकदम उरकलं तर बरं ना. मला विचाराल तर जोड हवीच, पण ज्या जागी जोडायची म्हणतायत ती जागा चुकीची आहे.

अमेरिकेत ही वाट जुनी आहे. जॉन्स हॉपकिन्सने पब्लिक हेल्थची वेगळी शाळा काढली ती १९१६ साली. तिथे मुलगा आधी चार वर्षांची साधी डिग्री घेतो, मग चार वर्षांचं मेडिकल, आणि पुष्कळ कॉलेजांत एक वर्ष वाढवलं की पाच वर्षांत एमडी (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) आणि एमपीएच दोन्ही हातात. ते जादाचं वर्ष बरेच जण तिसऱ्या वर्षानंतर घेतात, म्हणजे वर्षभर वॉर्डात घासून झाल्यावर. टफ्ट्ससारख्या ठिकाणी तर चारच वर्षांत दोन्ही बसवतात. शिकवतात काय, तर एपिडेमिऑलॉजी, बायोस्टॅटिस्टिक्स, पर्यावरण आणि आरोग्य, आरोग्य धोरण आणि व्यवस्थापन, माणसांच्या सवयी आणि समाज, आणि कुठेतरी प्रत्यक्ष जाऊन केलेलं काम. आपल्याकडे एमपीएच म्हणजे नंतरची वेगळी दोन वर्षं. त्रिवेंद्रमला श्री चित्राचं अच्युत मेनन सेंटर, चेन्नईला एनआयई ही साथरोगांची राष्ट्रीय संस्था, मुंबईला टिस म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुणे विद्यापीठ, अशी नावं मुलं घेतात. म्हणजे कोकणातल्या पोराने बॅग भरायची आणि निघायचं, मुंबईला नाहीतर घाटावर. ते काय आपल्याला नवीन नाही म्हणा.

आता माझी गोष्ट सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. बॉण्डचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष, सिंधुदुर्गातली एक पीएचसी, जुलै महिना, बाहेर धो धो. ओपीडीत तापाचे पेशंट. डोळे लाल, पोटऱ्या अशा दुखतायत की हात लावू देत नाहीत. हा लेप्टो, म्हणजे उंदरा-गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून येणारा लेप्टोस्पायरोसिस, हे मला कळत होतं, तेवढं शिकलेलो होतो. डॉक्सी, म्हणजे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, सुरू केली, दोघांना पेनिसिलिन, एका बाईची लघवी कमी झाली तिला लगेच वर पाठवलं, डायलिसिस लागलं पण वाचली. अकरा दिवसांत सात पेशंट. मी आपला मनात खूष, की बघा सातच्या सात पकडले.

आमच्याकडे एक आशाताई होत्या. आठव्या पेशंटला घेऊन आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, "डॉक्टरांनु, ह्ये तापवाले सगळे त्याच व्हाळार ढोरां धुतत." मी म्हटलं बरं, आणि पुढचा पेशंट बोलावला. खरंच तसंच केलं. संध्याकाळी आरोग्यसेवकाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेनाने वाड्या काढल्या, व्हाळ म्हणजे ओढा काढला, आणि आठही घरांवर टिंबं दिली. आठातली सहा एका वाडीत, आणि ती वाडी व्हाळाच्या खालच्या अंगाला, जिथे लावणी सगळ्यात आधी सुरू झालेली. त्या माणसाचं शिक्षण माझ्यापेक्षा कितीतरी कमी. साडेपाच वर्षांत मला कुणी असा नकाशा काढायला लावलाच नव्हता, किंवा लावला असेल तर मी झोपलो होतो, दोन्ही शक्य आहे.

लेप्टो अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण एक-दोन आठवडे जातात. म्हणजे पेशंटला विचारायला हवं होतं की पंधरा दिवसांमागे कुठल्या मळ्यात होतास, गुरं कुठे बांधतोस, पायाला जखम होती का. मी विचारत होतो ताप किती दिवस आणि उलटी आहे का. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत पण पहिल्या प्रश्नाने नववा पेशंट वाचतो आणि दुसऱ्याने आठवा, एवढाच फरक, आणि माझ्या मते दोन डिग्र्यांमधला फरकही तेवढाच आहे.

पुढचं अजून मजेशीर. त्या वाडीला आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन द्यायचं ठरलं, चिखलात उतरणाऱ्यांना बचावासाठी देतात तसं. गोळ्या वाटल्या, रजिस्टरला सह्या घेतल्या, वर रिपोर्ट गेला की वाटप पूर्ण. आणि गोळ्या पडून राहिल्या देवळीत. का, तर माणसं पहाटे नुसत्या कोऱ्या चहावर शेतात जायची, तेव्हाच गोळी घ्यायची, आणि उपाशीपोटी डॉक्सीने पोटात आग पडते, मळमळतं. पहिल्या आठवड्यात चार जणांना त्रास झाला आणि पूर्ण वाडीने गोळी सोडली. आशाताईंनीच मग तोडगा काढला, गोळ्या घरी द्यायच्याच नाहीत, साडेदहाला पेजेच्या वेळी बांधावर जायचं आणि पेज पोटात गेली की समोर गिळायला लावायची. झालं काम. औषधाचा डोस मला पाठ होता, पेजेची वेळ माहीत नव्हती. याला एमपीएचच्या भाषेत भारी भारी शब्द आहेत, ते मी नंतर वाचले.

मग आता कुणी म्हणेल की हे तर आशाताईंना डिग्रीशिवाय कळलं, मग डिग्री कशाला. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, आणि कोकणात तर त्याचं याहून मोठं उदाहरण आहे, महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. १९७६ साली ते बिरवाडीच्या पीएचसीत आले तेव्हा इथे लाल विंचू चावला की चांगली धडधाकट पोरं फुप्फुसात पाणी होऊन जायची. या माणसाने एकेका पेशंटचं बीपी, नाडी, कोणत्या तासाला काय झालं हे सगळं टिपून ठेवलं, रात्र रात्र खाटेशेजारी बसून, आणि त्यातून प्राझोसिन, म्हणजे साधं ब्लड प्रेशरचं औषध, विंचवावर चालतं हे दाखवून दिलं, लॅन्सेटमध्ये छापलं, आणि २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. एमपीएच नव्हतं. पब्लिक हेल्थ स्कूल नव्हतं. खाट, वही आणि पेन.

पण मला त्यातून उलटंच दिसतं. अख्ख्या किनारपट्टीवर इतक्या वर्षांत इतक्या पीएचसींतून इतके डॉक्टर येऊन गेले, त्यात नाव घ्यायला आपल्याला एकच माणूस पटकन आठवतो, यातच काय ते आलं. असा माणूस आपोआप घडेल म्हणून वाट बघत बसणं ही काही योजना नाही. बावस्करांनी जे स्वतःच्या जिद्दीने केलं, म्हणजे नोंद ठेवणं, त्यातून प्रश्न काढणं, उत्तर तपासणं आणि ते जगापुढे मांडणं, ते शिकवता येतं. जिद्द शिकवता येत नाही हे मान्य. आणि आशाताईंचं म्हणाल तर त्यांना कळलं होतं, पण त्यांचं ऐकायचं मला कळलं नव्हतं. डिग्री पाहिजे ती मला, त्यांना नव्हे.

आता जागेचा मुद्दा. अमेरिकेतलं पोर एमपीएचच्या वर्षाला बसतं तेव्हा पंचविशीच्या आसपास असतं, एक डिग्री झालेली असते, कुठे कुठे नोकरीही केलेली असते. आपलं पोर बारावी-नीट करून सतराव्या-अठराव्या वर्षी कॉलेजात येतं आणि तिसऱ्या वर्षात असताना जेमतेम वीस-एकवीसचं असतं. त्याने अजून पीएचसीचं कुलूपही उघडून बघितलेलं नसतं. त्याला मध्येच बायोस्टॅटचं वर्ष लावलंत तर तो तेच करेल जे मी पीएसएमला केलं. पाठ करेल, ओकेल. आणि डिग्री मिळाल्यावर तिचा उपयोग बहुतेक व्हिसाच्या फाईलला होईल. हे मी चिडून म्हणत नाहीये, त्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

हे प्रयोग आपण आधीही केलेत, फक्त नाव वेगळं होतं. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने १९४६ लाच लिहून ठेवलं की डॉक्टर हा सामाजिक वैद्य झाला पाहिजे आणि त्यासाठी त्याला तीन महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं ट्रेनिंग द्या. आज इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे तीन महिने आहेत, म्हणजे कागदावर भोर समिती जिंकली. प्रत्यक्षात काय, तर पोरं पीएचसीच्या मागे फणसाखाली खुर्ची टाकून मोबाईलवर नीट पीजीचे एमसीक्यू सोडवत असतात. मी त्यांना ओरडत नाही. पीजीच्या सीटचं गणितच असं आहे की ते तीन महिने अभ्यासाचे असं सगळ्यांनी मनातल्या मनात मान्य करून टाकलंय, डीनपासून शिपायापर्यंत. नवीन अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घ्यायचा कार्यक्रम आलाय, पहिल्या वर्षापासून मुलं गावात जातात, ती गोष्ट मला आवडली, पण तिथेही लॉगबुक भरणं हेच मुख्य काम होऊन बसायला वेळ लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, जोड बॉण्डच्या वर्षाला द्या. सरकारी कॉलेजातून निघालेल्या डॉक्टरला एक वर्ष सरकारी सेवा करायचीच असते. ते वर्ष आज काय आहे, तर ओपीडी, पोस्टमॉर्टेम, मीटिंग, व्हिडिओ कॉन्फरन्स, आणि पुन्हा नीट पीजी. तेच वर्ष दोन वर्षांच्या एमपीएचचं पहिलं वर्ष धरा. माणूस पीएचसीतच राहील, पगार मिळेल, पेशंट बघेल, पण महिन्यातून चार दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी वर्ग, आणि उरलेला अभ्यास स्वतःच्याच पीएचसीच्या रजिस्टरवर. दुसऱ्या वर्षी विद्यापीठात. थिसिसचा विषय त्याच्या हद्दीतला हवा, दिल्लीत बसून कुणीतरी पाठवलेल्या डेटावर नको. आता ओरोसला, रत्नागिरीला आणि अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेजं आलीत, तिघांचेही कम्युनिटी मेडिसिनचे विभाग आहेत. जागा आहे, मुलं आहेत, आणि आजार तर काय आपल्याकडे भरपूर आहेत.

आजारांवरून आठवलं. दोडामार्गात २०१६ ला माकडताप आला, मग बांद्याकडे. १९५७ ला शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडलेला आजार, गोचिडीतून माणसात येतो, माकडं मरून पडायला लागली की समजायचं. आणि सीझन कधी, तर नेमका काजूचा. माणसं बागेत वाकून बिया वेचतायत, पातेरा गोळा करतायत, गुरं रानात चरतायत. आता बघा, माकड मेलं तर ते वनखात्याचं. गोचीड गुरावर असली तर ती पशुसंवर्धनाची. तीच गोचीड माणसाला चावली की ती आमची. रक्त तपासायला पुण्याला, एनआयव्ही या विषाणू संस्थेत. आणि तालुका असा की एका बाजूला गोवा आणि दुसऱ्या बाजूला कर्नाटक, गोचिडीला काही चेकपोस्ट नाही. इथे कुठलाही एमडी मेडिसिन येऊन फार काही करू शकत नाही कारण त्या तापावर नेमकं औषधच नाही, आधार देणारे उपचार करायचे. खरं काम आहे मेलेल्या माकडाची बातमी गुराख्याकडून पीएचसीपर्यंत एका दिवसात पोचवण्याचं, तीन खात्यांना एका टेबलाला बसवण्याचं, आणि काजूवाल्याला अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल लावून जा हे अशा रीतीने सांगण्याचं की तो खरंच लावेल. हे कौशल्य आहे, स्वभाव नव्हे. आणि ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

चिपळूणच्या पुराच्या वेळीही तेच. २२ जुलै २०२१, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत, वर कोविड चालू. पाणी ओसरल्यावर मदतीला राज्यभरातून डॉक्टर आले, फार चांगली माणसं, पण दहा डॉक्टर एकाच मोठ्या नाक्यावर कॅम्प लावून बसले तर पलीकडच्या वाडीत गाळ उपसणाऱ्याला डॉक्सी कोण देणार. मी गेलो होतो तेव्हा स्वतः दोन तास एका मंडपात बसून सर्दीच्या गोळ्या वाटल्या आणि मग लाज वाटली.

तर डिग्री बॉण्डच्या वर्षाला जोडली, पुढे काय. इथे बहुतेक योजना मरतात. एमपीएच केलेल्या डॉक्टरला नोकरीत त्याचा काय उपयोग? आज एमपीएच ही एमडीच्या बरोबरीची धरत नाहीत. तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या खुर्चीवर पुष्कळदा अतिरिक्त कार्यभार असतो, म्हणजे एकच माणूस स्वतःची पीएचसी, शेजारची पीएचसी आणि तालुका ओढत असतो, आणि त्याला साथीचा आलेख काढायला वेळ कधी मिळणार. वर जिल्ह्यात जिल्हा आरोग्य अधिकारी झेडपीकडे, जिल्हा शल्यचिकित्सक राज्याच्या आरोग्य खात्याकडे, मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. तमिळनाडूत हे वेगळं केलंय, तिथे पब्लिक हेल्थचं स्वतंत्र संचालनालय आहे, कायदा १९३९ चा आहे, आणि त्या केडरमधला, म्हणजे त्या स्वतंत्र सेवेतला, डॉक्टर पब्लिक हेल्थ हीच आपली करिअर म्हणून जगतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथे मोठी साथ उसळली नाही त्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा मानतात. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने सगळ्या राज्यांना असं केडर करा म्हणून सांगितलंय, केंद्राने २०२२ ला त्याची मार्गदर्शिकाही काढली. आणि आपण २०२० ला कोविड आल्यावर पेटीतून काय काढलं तर १८९७ चा साथरोग कायदा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची खुर्ची एमपीएच किंवा एमडी कम्युनिटी मेडिसिन असल्याशिवाय मिळणार नाही असा नियम आधी करा, डिग्री पाठोपाठ येईल. उलटं केलंत तर भिंतीवर फ्रेम वाढतील.

अजून एक गोष्ट, जी मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. साथ सापडणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. साथीच्या नोंदीचे एस फॉर्म, पी फॉर्म, एल फॉर्म, आता सगळं आयएचआयपी या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन, पण आकडा वाढला की पहिला फोन मदतीचा येत नाही, खुलाशाचा येतो. तुमच्याकडेच एवढे कसे? मग माणूस शहाणा होतो, लेप्टोऐवजी व्हायरल फीवर लिहितो आणि सुखाने झोपतो. अशा ठिकाणी तुम्ही हार्वर्डची एमपीएच आणून बसवा, तीही सहा महिन्यांत व्हायरल फीवर लिहायला शिकेल. त्यामुळे बॉण्डवाल्या मुलाच्या थिसिसमध्ये जे आकडे येतील त्यावरून त्याच्या पीएचसीला नोटीस जाणार नाही, हे लेखी हवं. नाहीतर थिसिस लिहिले जातील आणि त्यात सगळं छान असेल.

पैशाचंही बोलू. आई-वडील विचारतात, एमडी मेडिसिन झाला तर सावंतवाडीत नाहीतर चिपळूणात स्वतःचं हॉस्पिटल टाकेल, एमपीएच होऊन काय टाकणार? प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे गोड उत्तर नाही. कर्ज काढून शिकलेल्या पोराला समाजसेवेचे डोस पाजणारे लोक मला आवडत नाहीत, ते स्वतः बहुतेक वेळा खाजगीत स्थिरावलेले असतात. म्हणून तर म्हणतोय पगारी बॉण्डच्या वर्षात बसवा, म्हणजे निदान अर्धी डिग्री त्याला फुकटात पडेल आणि दोन वर्षांऐवजी एकच वर्ष खिशातून जाईल. आणि वर्षाच्या शेवटी त्याला वाटलं की नाही बाबा, मला आर्थोपेडिक्सच करायचंय, तर जाऊ दे, तो आर्थोवाला निदान हायवेवरच्या एकाच वळणावरून इतकी हाडं का मोडून येतात एवढं तरी मोजेल.

आणि फक्त एमबीबीएसवाल्यांना का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. कोकणातल्या कित्येक पीएचसी बीएएमएस डॉक्टर चालवतायत. आम्ही बदल्या करून घेऊन निघून जातो, ते राहतात. सिस्टर तर एकाच उपकेंद्रात वीस वीस वर्षं असतात, कुठल्या घरात मशेरी लागते आणि कुठल्या घरात टीबीची गोळी अर्धवट सुटलीय हे त्यांना तोंडपाठ असतं. एमपीएचला तसे बीएएमएस, बीडीएस, नर्सिंगवाले सगळे बसू शकतात. मग ही जोडणी नुसती एमबीबीएसची ठेवली तर पुन्हा एक पायरी तयार होणार, वर आम्ही आणि खाली ते. माझ्या शेजारच्या पीएचसीतला बीएएमएस मित्र सेवेत राहून हे करता येईल का म्हणून गेल्या वर्षीपासून विचारतोय. मला त्याला नाही म्हणायचं एकही कारण सापडलेलं नाही, आणि हो म्हणायला कुठे अर्ज करायचा तेही सापडलेलं नाही.

सध्या आमच्याकडे आलेल्या इंटर्नपैकी एकीला मी हे सगळं सांगितलं, की आत्ता फॉर्म भरू नको, आधी एक लावणी बघ. तिने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. पण गेले चार दिवस ती मागच्या तीन पावसाळ्यांची ओपीडी रजिस्टरं काढून बसलीय, आणि ताप एवढंच लिहिलेल्या नोंदींसमोर वाडीचं नाव का नाही म्हणून माझ्याशी भांडतेय. अक्षर माझंच आहे.